प्रश्न विचार आणि गप्प राहा

प्रिय मुली,

तुझा मेसेज रात्री पावणेबाराला पाहिला. एफवायचे 118 जण, वर पत्र्यावर पाऊस, आणि ‘सर, माझा आवाज चौथ्या बाकापलीकडे पोचत नाही, मी या नोकरीला लायकच नाही का?’ लायकीचं नंतर बघू. माइक माग, कुठल्यातरी कपाटात धूळ खात असेल. पण त्याने फक्त आवाज पोचेल.

तू तासभर एकटीच बोलतेस, ते आधी थांबव. प्रश्न विचार आणि गप्प राहा.

‘विचारते की!’ म्हणशील. विचारतेस, आणि लगेच स्वतःच उत्तर देऊन मोकळी होतेस. परवा तुझ्या व्हरांड्यात उभा राहून ऐकलंय मी. अमेरिकेत मेरी बड रो या बाईंनी वर्गांच्या टेपा ऐकल्या, तर तिथले शिक्षकही सरासरी सेकंदभरच थांबत होते. तीन सेकंद थांबलं तरी उत्तरं लांबतात, कधी न बोलणारी पोरं बोलतात. तू मनात वीस मोज. घाम फुटतो. फुटू दे.

आणि ‘समजलं का?’ हा प्रश्न नव्हे. त्याला ‘हो मॅडम’ एवढंच उत्तर असतं. विचार, ‘आज भरती बाराला आली, तर उद्या साधारण पन्नास मिनिटं उशिरा का?’ फळ्यावर चार पर्याय लिही. ज्याचा जो पर्याय, तितकी बोटं छातीशी धरायची, म्हणजे शेजाऱ्याला दिसत नाहीत आणि तुला दिसतात. तीस ते सत्तर टक्के बरोबर असतील तर शेजाऱ्याशी भांडू दे, मग पुन्हा बोटं. हार्वर्डचे एरिक माझूर 1991 पासून हेच करत आले. आपल्याकडे तर मागच्या बाकावर खाडीकाठची पोरं असतात, ‘तिथीची पाऊणपट, चतुर्थीला तीन वाजता भरती’ हे आजोबांकडून शिकलेली. त्यांना बोलू दे. चंद्र रोज पुढे सरकतो, पृथ्वीला त्याला गाठायला तेवढं जास्त फिरावं लागतं, हे तू शेवटी सांग. आधी नको. प्रश्न विचार आणि गप्प राहा!

मी बावीस वर्षं नोट्स सांगितल्या. एका मुलाने पहिल्याच आठवड्यात हे पाऊणपटाचं सांगायला हात वर केला होता. ‘पोर्शन राहील, नंतर,’ म्हणालो. ते नंतर कधी आलं नाही. दिवाळीनंतर तोही आला नाही. माझ्यामुळेच, असं मी म्हणत नाही. घरची होडी होती, सुरमईचा सीझन होता. संस्थेला निकाल हवा होता, पोरांना परीक्षेपुरतं हवं होतं, आणि माझ्या नोट्स झेरॉक्सवाल्याकडे अजून खपतात. वाईट नव्हत्या त्या. पण तो का येत नाही, हे मी विचारलंसुद्धा नाही.

तेव्हा पोर्शनचं रडगाणं मला ऐकवू नकोस. लांबलचक सिद्धता छापून वाट, तासाला दोन प्रश्न पुरे. पहिले पंधरा दिवस बाजार भरेल, प्राचार्य डोकावतील. डोकावू देत.

बुधवारचा तास कितीला, ते कळव. साडेनवाची एसटी मिळाली तर येतो, मागच्या दाराशी बसून तुझे सेकंद मोजतो.

तुझा,
सर