‘काल’ आला की ‘हॅव’ का जातो?

प्रश्न : मी शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीच्या कार्यालयात पत्रव्यवहार पाहतो. परदेशी ग्राहकाला मी ‘वी हॅव डिस्पॅच्ड द सॅम्पल्स येस्टरडे’ असे लिहिले, तेव्हा साहेबांनी ‘हॅव’ खोडला. ‘काल सॅम्पल पाठवले आहेत’ हे मराठीत शुद्ध असताना इंग्रजीत कसे चुकते? ‘आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स टेन इयर्स’ या वाक्याखालीही त्यांनी लाल रेघ ओढली.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : साहेबांचे दोन्ही ठिकाणी बरोबर आहे, मात्र आपली चूक अभ्यासाच्या अभावातून नव्हे, तर मराठी कानातून आलेली आहे. शाळेत प्रेझेंट परफेक्टला ‘पूर्ण वर्तमानकाळ’ हे नाव शिकवले जाते आणि ‘पाठवले आहेत’ म्हणजे ‘हॅव सेंट’ असे समीकरण फळ्यावर मांडले जाते. तेथेच घोटाळ्याला सुरुवात होते. मराठीतला ‘आहे’ बहुधा ग्वाही देतो. ‘काल पाठवले आहेत’ म्हणताना आपण कालची घटना सांगतो आणि ‘काम झालेले आहे, काळजी नको’ असा दिलासाही देतो. इंग्रजीतील ‘हॅव’ गतकाळातील घटनेचा संबंध आजच्या क्षणाशी जोडतो, त्यामुळे काल, परवा, गेल्या वर्षी, १९०२ साली असा संपून गेलेला काळ त्याच वाक्यात आला की त्याला तेथे जागा उरत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ साली करवीर संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या, हे इंग्रजीत सांगताना ‘रिझर्व्ह्ड’ एवढेच म्हणावे लागते, ‘हॅज रिझर्व्ह्ड’ म्हणता येत नाही.

म्हणून पत्र लिहिण्यापूर्वी ग्राहकाला काय हवे आहे ते पाहावे. माल निघाला की नाही, एवढेच त्याला विचारायचे असेल, तर ‘वी हॅव डिस्पॅच्ड द सॅम्पल्स’. कधी निघाला हे विचारायचे असेल, तर ‘वी डिस्पॅच्ड देम येस्टरडे’. ‘धिस वीक’ मात्र ‘हॅव’बरोबर चालते, कारण आठवडा अजून सरलेला नसतो. ‘धिस मॉर्निंग’चे तर असे आहे, की सकाळी अकराला लिहिताना ते ‘हॅव’सोबत शोभते आणि दुपारी चारला लिहिताना खटकते.

उलट बाजूही ध्यानात घ्यावी. आपल्याकडे ‘जेवलासा काय?’ या प्रश्नाला ‘जेवलो की आत्ताच!’ असे उत्तर मिळते आणि त्यात ‘आहे’चा मागमूसही नसतो, ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत मात्र येथे ‘आय हॅव जस्ट ईटन’ हेच अपेक्षित असते. अमेरिकेत ‘आय जस्ट एट’ही सर्रास चालते, तेव्हा ग्राहक कोठला आहे हे पाहून ठरवावे. एका ठिकाणी तर मराठी कान आपल्याला चक्क मदत करतो. ‘ते पन्हाळ्याला गेलेत’ आणि ‘ते पन्हाळ्याला जाऊन आलेत’ यांत आपण कधीही गल्लत करत नाही. पहिले ‘हॅज गॉन टू’ आणि दुसरे ‘हॅज बीन टू’, एवढे जोडून ठेवले की पाठांतराची गरज पडत नाही.

आता लाल रेघेविषयी. मराठीतला ‘पासून’ आरंभबिंदू आणि कालावधी दोन्ही पेलतो, म्हणजे ‘२०१५ पासून’ही म्हणता येते आणि ‘दहा वर्षांपासून’ही. इंग्रजीत पहिल्यासाठी ‘सिन्स’ आणि दुसऱ्यासाठी ‘फॉर’ लागतो. शिवाय मराठीत ‘करतो आहे’ असा अपूर्ण वर्तमानकाळ पुरत असला, तरी पूर्वी सुरू होऊन आजही चालू असलेल्या कामासाठी इंग्रजीला ‘हॅव’ लागतोच. म्हणून ‘आय हॅव वर्क्ड हिअर फॉर टेन इयर्स’ किंवा ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टेन इयर्स’ असे लिहावे. पहिल्या चुकीचा धसका घेऊन येथलाही ‘हॅव’ गाळलात आणि ‘आय वर्क्ड हिअर फॉर टेन इयर्स’ असे लिहिलेत, तर व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष ठरेल, साहेब लाल रेघही ओढणार नाहीत. फक्त राजीनामा कधी दिलात, एवढे विचारतील.