सर्व्हिसिंग करून आणली आणि न्यूट्रलला काटा नाचायला लागला

प्रश्न: सर नमस्कार, माझी 2014 ची पेट्रोल हॅचबॅक आहे, 80 हजारच्या वर चाललीय, आजवर तक्रार नव्हती. मागच्या आठवड्यात बेळगावात सर्व्हिसिंगला दिली, ऑइल, एअर फिल्टर, प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) साफ केली, बॅटरीचे टर्मिनल पण काढून घासून दिले. गाडी घेऊन निघालो आणि टिळकवाडीत रेल्वे गेटला थांबलो तर न्यूट्रलला आरपीएमचा काटा 700 वरनं 1400 ला जायला लागला, परत खाली, परत वर. एसी लावला की दोनदा बंदच पडली. गॅरेजवाले आता म्हणायलेत ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) गेलाय, बदलावा लागंल. बरी असलेली गाडी सर्व्हिसिंगनंतर अशी का करायली? पुढच्या आठवड्यात चोर्ल्यावरनं गोव्याला जायचंय. (एक वाचक, खानापूर)

उत्तर: ईसीएमला आत्ता एक रुपया पण देऊ नका. सकाळी बरी होती आणि संध्याकाळी बिघडली म्हटल्यावर पहिला संशय जिथं हात लागलाय तिथंच घ्यायचा, आणि तुमच्या गाडीत हात लागलाय तो फिल्टरच्या डब्याला, प्लगला, थ्रॉटल बॉडीला आणि बॅटरीला.

काटा का नाचतो ते आधी समजून घ्या. पेडलवर पाय नसताना इंजिन जेमतेम चालू राहील एवढीच हवा ईसीएम आत सोडतो, गरम इंजिनला साधारण 700 ते 850 आरपीएम राहतील एवढी. कुठनं तरी जास्तीची हवा शिरली की रेस चढते. पाय तर पेडलवर नाही आणि रेस मात्र चढलेली, मग ईसीएमला वाटतं गाडी गेअरमध्ये उताराला लागलीय, म्हणून तो पेट्रोल तोडतो, रेस पडते, इंजिन बंद पडू नये म्हणून परत पेट्रोल देतो, रेस परत चढते, असं चालूच राहतं. म्हणजे बिचारा ईसीएम त्याचं काम बरोबरच करतोय, चूक त्याला न विचारता आत येणाऱ्या हवेची आहे.

आता ही हवा कुठली. थ्रॉटलच्या पाकळीच्या कडेला वर्षानुवर्षं काजळी बसते आणि तेवढी वाट अडते, म्हणून ईसीएम हळूहळू पाकळी थोडी जास्त उघडी ठेवायला शिकलेला असतो. तुम्ही काजळी काढलीत, त्याचा हिशोब मात्र जुनाच राहिला. किंवा बॅटरी काढल्यामुळं बऱ्याच गाड्यांत शिकलेलं सगळं पुसलं जातं, मग एसीचा लोड आला की किती हवा वाढवायची हेच त्याला ठाऊक नसतं आणि गाडी बंद पडते. यावर उपाय बिनपैशाचा आहे. एसी, लाइट, ब्लोअर सगळं बंद ठेवून गाडी चालू करा, रेडिएटरचा फॅन एकदा फिरेपर्यंत गरम होऊ द्या, मग पेडलला अजिबात पाय न लावता दहा मिनिटं तशीच चालू ठेवा, त्यानंतर एसी लावून अजून पाच मिनिटं. उघड्यावर करा हं, बंद शेडमध्ये नको, धूर जीवघेणा असतो. पुढं दोन-तीन दिवस गावातल्या गावात चालवा. काही मॉडेलमध्ये मात्र हे आपोआप होत नाही, स्कॅनर लावूनच थ्रॉटल शिकवावा लागतो, ते पाच मिनिटांचं काम आहे.

एवढं करूनही काटा नाचतोच आहे तर हवा बाहेरनं ओढली जातेय. उद्यमबागेत माझ्यापुढं अशीच एक गाडी आली होती, तीन ठिकाणी फिरून आलेली, थ्रॉटल बॉडी दुसऱ्यांदा साफ केलेली. बॉनेट उघडून नुसता कान दिला तर बारीक सूं सूं येत होतं. इनटेक मॅनिफोल्डला (थ्रॉटलपासून सिलिंडरला हवा नेणाऱ्या भागाला) मागच्या बाजूनं जाणारी पीसीव्हीची, म्हणजे इंजिनातली वाफ परत आत ओढणारी, करंगळीएवढी रबरी नळी, वाकते तिथं खालच्या अंगाला तडकलेली, वरनं बघितली तर अगदी धडधाकट. तडकलेल्या जागी बोट दाबून धरलं आणि दोन सेकंदात इंजिन शांत, काटा 800 ला येऊन थांबला. जुनं रबर उन्हानं आणि उष्णतेनं कडक होतं, साफसफाईला नळी ओढून काढली की तिथंच मोडतं. म्हणून थ्रॉटल बॉडीखालचं पॅकिंग, पीसीव्हीची नळी, चारकोल कॅनिस्टरकडनं (टाकीतली पेट्रोलची वाफ धरून ठेवणाऱ्या डब्याकडनं) येणारी नळी आणि ब्रेक बूस्टरची (ब्रेक हलका करणाऱ्या डब्याची) जाड नळी, ही सगळी हातानं चाचपून बघा, इंजिन बंद असताना. आपल्याकडं ऊसाच्या फडाजवळ गाडी लावली की उंदीर पण नळ्या कुरतडतात, ते पण बघा. क्लीनरचा फवारा मारून लीक शोधतात काहीजण, पण गरम इंजिनवर तो पेट घेतो, घरी करू नका.

फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा बसल्यात का बघा. ज्या गाडीत हवा मोजणारा सेन्सर फिल्टरजवळ असतो तिथं डबा ते थ्रॉटल यातली फट पण त्रास देते, ज्यात मॅनिफोल्डचा दाब मोजतात तिथं त्या फटीनं रेस बिघडत नाही, पण आपली तांबडी धूळ सरळ इंजिनात जाते. प्लगचं लक्षण वेगळं, काटा नाचत नाही, गाडी ठराविक लयीत ढक-ढक करते, तेव्हा कॉइलचा कनेक्टर टक आवाज येईपर्यंत दाबा.

आणि चोर्ला घाटात अशी गाडी नेऊ नका, कळकळीनं सांगतो. वळणावर इंजिन बंद पडलं की स्टेअरिंग जड होतं आणि दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकची मदत पण संपते, पेडल दगडासारखं लागतं. आधी नीट करा, मग जा.

प्रश्न: गॅस किटवाली जुनी व्हॅन, फिल्टर बदलल्यापासून पेट्रोलवर छान, गॅसवर सिग्नलला बंद पडते. (एक वाचक, निपाणी)

उत्तर: जुन्या मिक्सरवाल्या, म्हणजे हवेच्या वाटेतच गॅस मिसळणाऱ्या, किटला हे होतंच. तुंबलेल्या फिल्टरवर सेट केलेला गॅस आता मोकळ्या हवेला कमी पडतोय. मिक्सर नीट बसलाय का बघून किटवाल्याकडनं गरम इंजिनवर गॅसची सेटिंग परत करून घ्या, पेट्रोलचा स्क्रू कुणाला फिरवू देऊ नका.