पहिल्यांदाच अंगणात जुन्या सामानाचा सेल लावताय ना, मग हे वाचून घ्या

ताई, तुमचा प्रश्न सकाळीच वाचला, पण नीट बसून लिहायला आत्ता वेळ मिळाला. अमळनेरचं सासरचं घर रिकामं करायचंय, सासूबाई आता तुमच्याकडे पुण्याला येणार, बहिणीकडे अमेरिकेत गेला होतात तेव्हा तिथला यार्ड सेल बघितला आणि तसाच मेच्या सुट्टीत आपल्या अंगणात लावायचा विचार आहे, आणि भंगारवाल्याने अख्ख्या घराचा मिळून जो आकडा सांगितला तो ऐकून तुम्हाला रात्री झोप लागली नाही. नाहीच लागणार. मी असे चार सेल केलेत, पहिला २०१२ साली आम्ही भुसावळचं रेल्वे क्वार्टर सोडलं तेव्हा, मग नणंदेचं धुळ्याचं घर, मग माझ्या आईचं चोपड्याचं, आणि गेल्या वर्षी एका मैत्रिणीचं जळगावला. त्यामुळे जे हाताने केलंय तेच सांगते.

सगळ्यात आधी एक गोष्ट, जी तिकडे करावी लागत नाही आणि इकडे केल्याशिवाय सेल होतच नाही. तिकडे लोक शनिवारी सकाळी गाडी काढून ओळखपाळख नसलेल्या घरी सामान बघायला जातात, त्यात कोणाला काही वाटत नाही. आपल्याकडे घरातलं सामान अंगणात मांडलं की गल्लीत पहिला प्रश्न येतो, यांचं काही वाईट झालं का, कर्ज झालं का, भावाभावांचं फाटलं का. आणि घेणाऱ्यालाही लाज वाटते, की शेजारीण बघेल मी वापरलेलं पातेलं घेतलं म्हणून. माझ्या पहिल्या सेलला दोन तास लोक गेटबाहेरून बघून जात होते, आत कोणी येईना. शेवटी समोरच्या काकू आल्या, त्यांनी विचारलं, मी सांगितलं की यांची बदली झाली, नवीन जागा दोन खोल्यांची आहे, हे सगळं मावणार नाही. त्या आत आल्या, एक परात घेतली, आणि त्यांच्यामागे मग रांग लागली. तेव्हापासून मी आठ दिवस आधीच गल्लीत घरोघरी जाऊन सांगते, आणि गेटवर मोठ्या अक्षरात कारण लिहिते, "घर रिकामं करतोय, वापरातलं चांगलं सामान विकायचं आहे, आत येऊन बघा". तुमच्या बाबतीत तर कारण किती सरळ आहे, आई मुलाकडे राहायला चाललीय. ते लिहाच.

आता तारीख. मे म्हणजे आपल्या खान्देशात पारा ४३-४४ ला जातो, कधी त्याच्याही वर, दुपारी कुत्रं बाहेर पडत नाही तिथे गिऱ्हाईक कुठून येणार. मेमध्येच करायचं असेल तर सकाळी ७ ते साडेदहा आणि संध्याकाळी साडेपाच ते ८, मधे गेट बंद, आणि अंगणावर हिरवी नेट बांधून घ्या. खरं विचाराल तर तुळशीच्या लग्नानंतरचे दिवस सगळ्यात चांगले, हवा गार, शेतकऱ्याच्या हातात कापसाचा पैसा आलेला असतो, घरोघरी लग्नं ठरत असतात. पण तुमची सुट्टी मेमधलीच आहे तर आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, फायदा करून घ्या. आखाजीला लेकी माहेरी येतात, तुमच्या नणंदाही येतीलच ना, तेव्हा सगळ्यांना बसवून ज्याला जे हवं ते आधी देऊन टाका आणि आखाजीनंतरचा पहिला रविवार धरा. ही वाटणी आधी झाली नाही तर सेलनंतर वर्षभर ऐकावं लागतं की आईचा तांब्या तुम्ही परक्याला विकला. वार रविवारच, तिकडचं बघून शनिवार धरू नका, आपल्याकडे शनिवारी लोखंड घरात आणत नाहीत आणि तुमचं लोखंडी कपाट, पलंग, ट्रंका तशाच उभ्या राहतील. अमावस्या टाळा. महिन्याच्या पहिल्या आठवड्यातला रविवार मिळाला तर उत्तम, पगार आणि पेन्शन झालेली असते.

सासूबाईंना विचारल्याशिवाय एक चमचासुद्धा बाहेर काढू नका हो. त्यांचा संसार आहे तो. धुळ्याला नणंदेच्या सासूबाईंना आम्ही ओट्यावर खुर्ची टाकून बसवलं होतं आणि त्या प्रत्येक बाईला सांगत होत्या की ही कळशी माझ्या लग्नातली, हिला कल्हई अमुक साली केली, आणि बायका ते ऐकून घेत होत्या आणि जास्त भाव न करता घेऊन जात होत्या. पण माझी आई बघू शकली नाही, तिला त्या दिवशी मावशीकडे पाठवलं. तुमच्या सासूबाईंना काय जमेल ते त्यांनाच विचारा.

सामान काढायला किमान तीन आठवडे द्या आणि प्रत्येक डबा, ट्रंक, उशी, पुस्तक, साडीची घडी उलगडून बघा. हे मी जीव तोडून सांगते कारण माझ्या हातून चूक झालीय. पहिल्या सेलला एक पत्र्याची पेटी विकली, आत रिकामी होती, तळाला जुना पेपर अंथरलेला होता तो कोणी उचलून बघितला नाही. दोन दिवसांनी वरणगावकडचे ते गृहस्थ मोटारसायकलवर परत आले, पेपरखाली सासऱ्यांच्या नोकरीचे कागद आणि सासू-सासऱ्यांचा लग्नातला एकुलता एक फोटो होता, तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणला होता त्यांनी. चांगला माणूस भेटला म्हणून परत आला. सातबारा, पासबुकं, पावत्या, पोस्टाची सर्टिफिकेटं, नाकातली मोरणी, काहीही निघतं. आणि जुन्या घरात हस्तलिखित पोथ्या किंवा खूप जुनी मूर्ती निघाली तर ती सेलमध्ये मांडायची नाही. १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा आहे, त्यात १०० वर्षांच्या वरच्या वस्तू आणि ७५ वर्षांच्या वरची हस्तलिखितं येतात, त्यांच्या विक्रीला नियम आहेत. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे, समर्थ वाग्देवता मंदिर आहे, तिथे अशी बाडं आयुष्यभर खपून जमवलेली आणि जपलेली आहेत, पोथी निघाली तर आधी तिथे जाऊन दाखवा. गॅसचं सिलिंडर आणि रेग्युलेटर पण विकायचं नसतं, ते आपलं नसतंच, एजन्सीत जमा करून डिपॉझिट परत मिळतं, फक्त कनेक्शन घेतानाचा कागद शोधून ठेवा.

भाव कसा लावायचा हे सगळे विचारतात. चालू स्थितीतल्या वस्तूला आज नवीन जी किंमत आहे तिचा तिसरा हिस्सा, थोडी जुनाट दिसत असेल तर चौथा, आणि त्यात घासाघीस होणार हे धरून थोडं वर. पितळ-तांब्याचं मात्र वेगळं, ते घरीच काट्यावर तोलून घ्या आणि आदल्या दिवशी भांड्यांच्या दुकानात मोडीचा भाव विचारून या, त्याच्या खाली जायचंच नाही. घंगाळ, हंडे, पाणी तापवायचा बंब, याला हल्ली मोडीपेक्षा बराच जास्त भाव देणारे लोक आहेत, बंगल्यात शोभेला ठेवतात. जुन्या मालाचे व्यापारी सकाळी साडेसहालाच गेटवर येतील आणि सगळं पितळ एकरकमी मागतील, नाही म्हणा, दुपारनंतर या म्हणा.

आणि प्रत्येक वस्तूवर किंमत चिकटवा, प्रत्येक, चमच्यांच्या गठ्ठ्यावरसुद्धा. ही माझी सगळ्यात पक्की गोष्ट आहे. किंमत लिहिलेली असली की ज्याच्या खिशात ५० च रुपये आहेत त्याला तोंड उघडून विचारावं लागत नाही, तो स्वतःच वाचतो, स्वतःच ठरवतो, आणि ताठ मानेने घेऊन जातो. म्हणूनच "फुकट" असं लिहिलेला ढीग पण ठेवू नका. एक टोपली १० रुपयांची करा, वाट्या, झारे, मुलांची खेळणी, काय वाटेल ते घ्या. १० रुपये देऊन घेतलेली वस्तू माणूस आपली म्हणून नेतो.

चोपड्याच्या सेलला, तो आखाजीच्या आधीच्या रविवारी होता, आईचं मांडे भाजायचं मातीचं खापर मी कोपऱ्यात ठेवलं होतं, ३० ची चिठ्ठी लावून, मनात होतं की हे कोण घेणार, प्रवासात फुटायचं. पारोळ्याकडची एक म्हातारी आली, तिने बाकी कशाकडे बघितलंच नाही, खापर दोन्ही हातांनी उचललं, कडेवर धरलं, बोटाच्या पेराने वाजवून कान लावला, मग पाठीवरून तळहात फिरवला, काळं झालेलं, तेल पिऊन गुळगुळीत झालेलं. "कितलाले शे माय?", केवढ्याला आहे म्हणून विचारलं. चिठ्ठी दाखवली, तिला वाचता येत नव्हतं, मी सांगितलं तीस. तिने काही भाव केला नाही, कमरेच्या पिशवीतून नोटा काढल्या आणि पदराच्या घडीत खापर गुंडाळून घेतलं. मुरलेलं खापर दुकानात मिळत नाही हे तिला माहीत होतं, मलाच सुचलं नव्हतं. तर काठवट, खापर, शेवयांचं मशीन, कुरडयांचा सोऱ्या, पाटा-वरवंटा, जातं, यातलं काही फेकू नका, हे घेणारी माणसं गावोगावी आहेत.

प्रत्यक्ष त्या दिवशीचं पटकन सांगते. घराच्या खोल्यांना कुलूप, आत यायला एकच गेट. मोठं सामान गेटजवळ दिसेल असं, भांडी बाजेवर किंवा टेबलावर मांडा, बायका वाकून वाकून बघत नाहीत. लांब वायरचा बोर्ड बाहेर काढून ठेवा, पंखा, मिक्सर, कूलर लावून दाखवता आला पाहिजे, मेमध्ये चालू कूलर तर पहिल्या अर्ध्या तासात जातो. बंद वस्तूवर "बंद आहे" असं स्पष्ट लिहा, एक खोटं बोललं की गल्लीभर होतं. तीन माणसं तरी हवीत, एक गेटवर, एक सामानापाशी, एक पैशाला, आणि पैसे गल्ल्यात नाही, कमरेच्या पाऊचमध्ये. १० आणि २० च्या सुट्ट्या नोटा बँकेतून आधीच आणा. क्यूआर कोड लावा पण समोरच्याच्या मोबाईलचा स्क्रीनशॉट बघून सामान सोडू नका, तुमच्या खात्यात आल्याचं दिसलं पाहिजे, आणि कोणी फोनवर म्हणालं की मी लांबून पैसे पाठवतो, तुम्ही पिन टाका, तर फोन ठेवून द्या, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. "मी संध्याकाळी येऊन नेतो" म्हणणाऱ्याकडून इसार घ्या, नाहीतर ठेवू नका. मोजायचा टेप, सुतळी, जुने पेपर, एका छोटा हत्तीवाल्याचा नंबर, पाण्याचा माठ. पाणी विचारा सगळ्यांना, घेवो न घेवो.

पहिल्या दोन तासांत भाव कमी करू नका. संध्याकाळी शेवटच्या तासाला मग मोकळ्या हाताने द्या, एक गोणी १०० रुपये, भरा काय भरायचं ते. सुती साड्या आणि कपडे मी सेलमध्ये मांडतच नाही, ते बोहारणीला दिलेलं बरं, किंवा गोधड्या शिवणाऱ्या बायका घेतात. गेलेल्या माणसाचं अंथरूण-पांघरूण तर अजिबात मांडू नका, लोकांना चालत नाही आणि विचारलं तर खोटं बोलवत नाही. भंगारवाल्याला रात्री ८ नंतर बोलवा, उरलेलं लोखंड, रद्दी त्याला, सकाळी तो गेटवर उभा दिसला की लोकांना सगळंच भंगार वाटायला लागतं.

दोन खोल्यांचं घर म्हणालात ना, तर एका दिवसात होईल. लोखंडी कपाटाची उंची-रुंदी आणि दाराच्या आतल्या बाजूचा एक फोटो इथे टाका, भुसावळला माझ्या ओळखीत एका मुलीचं लग्न आहे, तिच्या आईला जुन्या जाड पत्र्याचंच कपाट हवंय, मी आज रात्री त्यांना विचारते.