क्रिप्टोत गेलेल्या पैशामागचं नाव पोलिसांना कळतं का?

तुमच्या बडोद्याच्या मामांनी शेअर ट्रेडिंगच्या ग्रुपवर विश्वास ठेवून साडेसहा लाख घालवले, आणि पोलिसांनी सांगितलं की पैसे यूएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेलं क्रिप्टो चलन) होऊन बाहेर गेले. तुमचा प्रश्न असा की क्रिप्टोत कुणाचं नावच नसतं तर पोलीस शोधणार काय? आणि आपल्याकडून पावलोपावली आधार-पॅन मागतात, त्या केवायसीचा चोर पकडायला काही उपयोग होतो का?

उपयोग होतो. मी ३१ वर्षं बँकेत होतो, शेवटची काही रावपुऱ्यातल्या शाखेत. निवृत्तीनंतर दांडिया बाजार, नवापुरा भागातल्या ओळखीच्या लोकांना असे अर्ज लिहून देतो, कुणी म्हातारं एकटं असेल तर सायबर पोलीस ठाण्यातही सोबत जातो. त्यामुळे हे सगळं फार जवळून पाहिलंय.

क्रिप्टोत नाव नसतं हे खरं. पण हिशेब असतो, आणि तो साऱ्या जगासमोर उघडा असतो. बँकेतल्या खात्याचा उतारा पाहायचा तर पोलिसांनाही पत्र द्यावं लागतं. बिटकॉइनची किंवा ट्रॉन या क्रिप्टो-जाळ्याची खतावणी (तिलाच ब्लॉकचेन म्हणतात) मात्र कुणीही घरबसल्या उघडून वाचू शकतो. फसवणुकीतलं यूएसडीटी बऱ्याचदा ट्रॉनवरून फिरतं. तिथला पत्ता इंग्रजी 'टी'ने सुरू होतो आणि ३४ अक्षरांचा असतो. तो टाकला की त्या पत्त्यावर केव्हा किती आलं आणि तिथून कुठे गेलं, सगळं समोर येतं. शाखेच्या तळघरात वाळवी लागलेली लेजर्स मी पाहिली आहेत. या खतावणीला वाळवी लागत नाही आणि तिच्यात खाडाखोडही करता येत नाही.

आता एकाच माणसाचे शंभर पत्ते असतील तर? बिटकॉइनमध्ये पैसे नोटांसारखे राहतात. ९० रुपये द्यायला आपण ५० ची एक आणि २० च्या दोन नोटा काढतो, तसं वेगवेगळ्या पत्त्यांवरचं बिटकॉइन एका व्यवहारात एकत्र करावं लागतं. त्या प्रत्येक पत्त्याची चावी, म्हणजे गुप्त कोड, देणाऱ्याकडे हवी. म्हणजे ते सगळे पत्ते बहुधा एकाच मालकाचे. २०१३ मध्ये संशोधक सारा माइकलजॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच युक्ती मोठ्या प्रमाणावर वापरून दाखवली. त्यांनी वेगवेगळ्या सेवांशी स्वतः शेकडो छोटे व्यवहार केले, कोणता पत्ता कुणाचा ते टिपून घेतलं, आणि त्या एका पत्त्यावरून त्याच्या कळपातले बाकीचे ओळखले. ट्रॉनवर पत्ता खात्यासारखा चालतो, तिथे ही युक्ती लागू नाही. पण तिथे दुसरं एक आहे. नव्या पत्त्यावरून यूएसडीटी पुढे पाठवायचं तर सहसा शुल्कापुरतं टीआरएक्स (ट्रॉनचं स्वतःचं चलन) त्या पत्त्यावर आधी टाकावं लागतं. ते कुणी टाकलं? दहा नव्या पत्त्यांना एकाच जागेवरून शुल्क पुरवलं गेलं असेल, तर दहाही पत्ते एका टोळीचे असण्याची शक्यता मोठी.

इतकं करूनही हातात येते फक्त वाट. नाव येतं ते दारावर. चोराला शेवटी भाडं भरायचं असतं, गाडी घ्यायची असते, म्हणून ते यूएसडीटी कुठल्यातरी एक्स्चेंजवर, म्हणजे क्रिप्टोच्या खरेदी-विक्रीच्या बाजारात, नेऊन रुपये किंवा डॉलर करावे लागतात. त्या दारावर केवायसी झालेलं असेल तर तिथे पॅन असतो, सेल्फी असते, मोबाइल नंबर, जोडलेलं बँक खातं, लॉगिन केल्याची वेळ आणि आयपी पत्ता असतो. आपल्याकडे ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेनं क्रिप्टो एक्स्चेंज मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आली. त्यांना आता फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी करावी लागते, ग्राहकाची ओळख तपासावी लागते, नोंदी ५ वर्षं जपाव्या लागतात आणि संशयास्पद व्यवहार कळवावे लागतात. तपास अधिकारी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली पत्र पाठवतो आणि एक्स्चेंजला कागद द्यावे लागतात. डिसेंबर २०२३ मध्ये नोंदणी न करता इथे धंदा करणाऱ्या ९ परदेशी एक्स्चेंजना नोटिसा गेल्या, त्यातल्या काहींनी पुढे दंड भरून नोंदणी केली. बडोद्यातल्या तपास अधिकाऱ्याच्या दृष्टीनं ही फार मोठी गोष्ट आहे, कारण परदेशातली नोंद कायदेशीर मार्गानं मागवायची तर महिनेच्या महिने जातात.

हे नुसतं पुस्तकी नाही. २०१६ मध्ये बिटफिनेक्स या एक्स्चेंजमधून १,१९,७५४ बिटकॉइन चोरीला गेले. चोरानं ते हजारो व्यवहारांतून फिरवले, पण त्या पैशातून घेतलेल्या वॉलमार्टच्या गिफ्ट कार्डासारख्या किरकोळ खरेदीनं तपास माणसांपर्यंत पोहोचला. फेब्रुवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एक जोडपं पकडलं गेलं आणि सुमारे ९४ हजार बिटकॉइन जप्त झाले. चावी सापडली नवऱ्याच्या ऑनलाइन साठवलेल्या फाइलमध्ये. त्याआधी, २०१२ मध्ये सिल्क रोड या काळ्या बाजारातून एकानं ५० हजारांवर बिटकॉइन लांबवले होते. नऊ वर्षांनी, नोव्हेंबर २०२१ मध्ये, अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या त्याच्या घरी धाड पडली. काही चाव्या जमिनीखालच्या तिजोरीत होत्या, काही बाथरूमच्या कपाटात पॉपकॉर्नच्या डब्यात. सिल्क रोडच्याच तपासात अमेरिकन सरकारच्या दोन अधिकाऱ्यांनी बिटकॉइन खिशात घातले होते, तेही याच खतावणीनं उघडे पडले. वर्दीतला चोरही ती दाखवते, म्हणून माझा तिच्यावर जास्तच विश्वास बसला.

आपल्या गुजरातचं बघायचं तर सुरतशी नाळ जोडलेलं बिटकनेक्ट या क्रिप्टो गुंतवणूक योजनेचं प्रकरण आहे. २०१८ च्या सुरुवातीला ते कोसळलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये ईडीच्या अहमदाबाद कार्यालयानं त्यात १,६४६ कोटींची क्रिप्टो जप्त केली. मध्ये सात वर्षं गेली. संगणकावरचा माग आणि प्रत्यक्ष माणसांकडून काढलेली खबर, दोन्ही लागलं. सात वर्षं हा आकडा मुद्दाम सांगतोय, कारण मामांना 'चार दिवसांत मिळतील' असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे.

आता ज्याची मला सगळ्यात जास्त चिंता वाटते ते लिहितो.

मी नोकरीला लागलो तेव्हा खातं उघडायला ओळखदाराची सही लागायची. शाखेत आधीपासून खातं असलेल्या माणसानं 'मी यांना ओळखतो' म्हणून सही करायची. पुष्कळ जण भिडेखातर, ज्याला दोनदाही पाहिलेलं नाही त्याच्यासाठी सही ठोकत. २००२ मध्ये रिझर्व्ह बँकेचे केवायसीचे नियम आले, कागद वाढले, आता चेहऱ्याचा व्हिडिओही घेतात. पण भिडेखातरची सही गेली आणि तिच्या जागी भाड्याचं खातं आलं. कॉलेजच्या मुलाला महिना पाच-दहा हजार देतात आणि त्याचं खातं, एटीएम कार्ड, सिम घेऊन टाकतात. आधार खरं, पॅन खरा, सेल्फीही खरी. माणूस मात्र भलताच. तुम्ही खोट्या आधारचं विचारलं असतं तर म्हणालो असतो, त्याहून घातक असतं ते भाड्यानं दिलेलं खरं आधार.

मामांचे पैसे बहुधा अशाच खात्यात गेले असणार. तिथून तासाभरात चार-पाच खात्यांत फुटले, आणि मग त्यांतून कुणीतरी पी-टू-पीवर, म्हणजे थेट दुसऱ्या माणसाकडून, यूएसडीटी विकत घेतलं. नवापुऱ्यातला माझ्या ओळखीचा एक मुलगा दोन पैसे सुटतात म्हणून घरबसल्या यूएसडीटी विकायचा. त्याच्या खात्यात ४८ हजार आले, त्यानं तेवढं यूएसडीटी सोडलं. तिसऱ्या दिवशी त्याच्या खात्यावर होल्ड. दुसऱ्या राज्यातल्या एका शिक्षिकेची तक्रार होती, पैसे तिचे होते. मुलाची चूक इतकीच की समोरच्या खात्याचं नाव आणि एक्स्चेंजवरचं नाव जुळतं का ते त्यानं पाहिलं नाही. पण त्यानं विकलेलं यूएसडीटी कुठल्या पत्त्यावर गेलं याची नोंद त्याच्याकडे होती. ती त्यानं स्वतः जाऊन दिली, आणि तपासाला पुढचा दुवा मिळाला. होल्ड उठायला सात महिने लागले. आईच्या औषधाचे पैसे त्याच खात्यात होते. त्या घरात मी बसलेलो आहे, म्हणून कुणी खातं भाड्यानं द्यायचं नाव काढलं की माझा आवाज चढतो.

माग तुटतो कुठे, तेही ऐकून ठेवा. मिक्सरमध्ये, म्हणजे अनेकांचं क्रिप्टो एकत्र मिसळून देणाऱ्या सेवेत, घातलेले पैसे वेगळे करणं अवघड असतं. मोनेरोसारख्या चलनात पत्ते आणि रकमा झाकलेल्या असतात. काही परदेशी दारांवर कुणी काही विचारतच नाही. यूएसडीटीच्या बाबतीत एक आशा आहे. ते काढणारी टेथर कंपनी एखाद्या पत्त्यावरचं यूएसडीटी गोठवू शकते आणि तपास यंत्रणांच्या विनंतीवरून तसं करतेही. पण पैसे त्या पत्त्यावर असतील तोवरच.

म्हणून मामांसाठी. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन झाला नसेल तर हे वाचून होताच करा, उशीर झालाय म्हणून सोडू नका. खात्यांत अडकलेली थोडी रक्कमही होल्ड होऊ शकते. बँक व्यवहाराचे यूटीआर क्रमांक (प्रत्येक व्यवहाराचा वेगळा ओळख क्रमांक) तारखेसह एका कागदावर लिहा. मामांनी स्वतः कुठे क्रिप्टो पाठवलं असेल, तर तो पत्ता आणि व्यवहाराचा हॅश (खतावणीतला त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक) कॉपी करून फाइलमध्ये ठेवा. नुसत्या स्क्रीनशॉटवरून ३४ अक्षरं उतरवताना एक चुकलं तरी तपास भलतीकडे जातो. ग्रुपमधून बाहेर पडू नका, चॅट पुसू नका, फोन फॉरमॅट करू नका. आणि 'ब्लॉकचेनवरून तुमचे पैसे परत आणून देतो, आधी फी भरा' असा फोन येईल. येतोच, कारण ठगलेल्यांच्या याद्या विकल्या जातात. त्याला एक रुपयाही देऊ नका.

पोलिसांना भेटाल तेव्हा दोन प्रश्न विचारा: यूएसडीटी कुठल्या पत्त्यावर गेलं ते निघालं का, आणि तो पत्ता कुठल्या एक्स्चेंजचा असेल तर कलम ९४ चं पत्र गेलं का. मामांना गुजराती लिहिता येत असेल तर अर्ज गुजरातीतच द्या, हाताखालच्या माणसांना तो लगेच वाचता येतो. पत्ता आणि हॅश मात्र छापून जोडा, आणि पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका.