समुद्रावरचा तेलाचा तवंग नाहीसा झाला, म्हणजे तेल गेलं असं समजायचं का?

तुमचं म्हणणं असं की तेल सांडल्यावर आठ-पंधरा दिवसांत पाणी निवळतं, तवंगही दिसत नाही, मग पुढे वर्षानुवर्षं किनाऱ्यावरचा गाळ कशाला तपासायचा? किनाऱ्याजवळचं पाणी आणि गाळ तपासणं हेच माझं काम आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

तवंग गेला तरी तेल तिथेच असू शकतं. बेंझिन, टोल्युइनसारखे हलके घटक एक-दोन दिवसांतच हवेत उडून जातात. काही तेल लाटांनी घुसळून पाण्यात मिसळतं, काही जिवाणू खातात. अल्कॅनिव्होरॅक्स नावाचे जिवाणू तर प्रामुख्याने तेलावरच जगतात. पण जड घटक मातीच्या बारीक कणांना चिकटतात आणि हळूहळू तळाशी बसतात. खरी अडचण तिथून पुढे आहे. तेल झपाट्याने खाणाऱ्या जिवाणूंना प्राणवायू लागतो, आणि चिखलात तो वरच्या काही मिलिमीटरपर्यंतच पोचतो. त्याखाली गेलेलं तेल जवळजवळ जसंच्या तसं पडून राहतं.

सप्टेंबर 1969 मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्ट फॅल्मथजवळ ‘फ्लोरिडा’ नावाची बार्ज (सपाट तळाची मालवाहू नौका) खडकावर चढली आणि डिझेलच्या जातीचं इंधन सांडलं. हे इंधन हलकं, लवकर उडून जाणारं. तरीही तीस वर्षांनंतर वुड्स होल या सागरी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांना तिथल्या खाजणाच्या चिखलात, पृष्ठभागापासून काही सेंटिमीटर खाली, ते सापडलं. वरून पाहिलं तर सगळं हिरवंगार. पण तिथले खेकडे नेहमीइतकी खोल बिळं करत नव्हते, आणि धोका जाणवल्यावर पळायलाही मंद झाले होते. मला आकड्यांपेक्षा या खेकड्यांनीच जास्त अस्वस्थ केलं. अलास्कात 1989 मध्ये ‘एक्सॉन व्हाल्डेझ’मधून सुमारे 4 कोटी लिटर कच्चं तेल सांडलं. तिथेही बारा वर्षांनी किनाऱ्यावर खड्डे खणले, तर दगडगोट्यांच्या खाली तेल होतंच.

आता एक गोष्ट, जी पुष्कळांची चुकते. चिखल काळा आहे आणि त्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो, एवढ्यावरून तिथे तेल आहे असं ठरवू नका. तो हायड्रोजन सल्फाइडचा वास. प्राणवायू नसलेल्या कुठल्याही निरोगी खाजणात तो येतो. तसंच डबक्यावर इंद्रधनुषी साय दिसली तर काडीने ढवळून पाहा. काचेसारखे तुकडे होऊन ते वेगळेच राहिले, तर बहुधा लोहजिवाणूंची साय आहे. फाटून लगेच पुन्हा जुळून आली, तर तेलाचा संशय घ्यायचा. खणलेल्या खड्ड्यात हळूहळू पाणी झिरपतं आणि त्यावर अशी जुळून येणारी साय पसरत जाते, ते पाहताना मला आजही वाईट वाटतं.

नमुना घ्यायचाच असेल, तर धुतलेल्या काचेच्या बाटलीत घ्या, प्लास्टिकच्या नको. तेल प्लास्टिकला चिकटतं आणि प्लास्टिकमधले पदार्थ नमुन्यात उतरतात. पाण्याचा नमुना घेताना बाटलीचं तोंड पृष्ठभागाखाली नेऊन मगच झाकण उघडा, नाहीतर वरचा पातळ थरच बाटलीत शिरतो आणि आकडा फुगतो. गाळ बारीक आहे की वाळूसारखा भरड, हेही लिहून ठेवा. बारीक गाळ जास्त तेल धरतो, त्यामुळे नुसते आकडे शेजारी ठेवून दोन जागांची तुलना होत नाही.

तेल कुणाचं, हेही बऱ्याचदा कळतं. तेलातली होपेन नावाची संयुगं सहसा विघटत नाहीत आणि त्यांचं एकमेकांशी प्रमाण तेलागणिक वेगळं असतं. जहाजाच्या टाकीतला नमुना मिळाला, तर तो ताडून पाहता येतो.

अहवाल हातात आला की एकूण ‘तेल आणि ग्रीस’ या एका आकड्यावर थांबू नका. त्यात प्राण्या-वनस्पतींचे स्निग्ध पदार्थही मोजले जातात. फेनॅन्थ्रीन, क्रायसीन यांसारख्या बहुचक्रीय हायड्रोकार्बनचे आकडे वेगळे मागा. माशांच्या अंड्यांतल्या पिल्लांचं हृदय नीट न घडण्यामागे हाच वर्ग आहे, आणि त्याला अब्जात काही भाग एवढं प्रमाणसुद्धा पुरतं. गाळ किती सेंटिमीटर खोलीवरून काढला, तेही विचारा. फक्त वरचा थर खरवडून घेतला असेल, तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या अहवालात नाही.