सोफा वाचवायचा, मांजरही सांभाळायचं

प्रश्न : ताई, आमच्या चिंगीने नव्या सोफ्याच्या उजव्या हाताचा अक्षरशः कापूस काढलाय. दुकानातून नखं घासायचा खांब आणून बाल्कनीत ठेवला, तर ती त्याकडे ढुंकूनही बघत नाही. सासूबाई म्हणतात, फिनेल शिंपड. शेजारच्या वहिनी म्हणतात, डॉक्टरांकडून नखंच काढून घ्या. काय करू?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : फिनेल अजिबात नको, डांबरगोळ्याही नकोत. चिंगी पंजे चाटणार, फिनेल पोटात जाणार आणि मांजराच्या यकृताला ते झेपत नाही. वहिनींना सांगा, मांजराचं नख शेवटच्या हाडातूनच उगवतं. ते काढायचं म्हणजे बोटाचं पेरच कापायचं. ब्रिटनमध्ये त्यावर बंदी आहे आणि माझ्या दवाखान्यात मीही ते करत नाही.

चिंगी हे खोडी म्हणून करत नाही हो. सोफ्याखाली झाडताना नखांची चंद्रकोरीसारखी पातळ टरफलं सापडतील. ती जुनी टरफलं काढायला तिला काहीतरी खरवडावं लागतंच. शिवाय पंजातल्या ग्रंथींचा वास लावून ती 'ही जागा माझी' असं जाहीर करते. ते चारचौघांत, हॉलमध्येच करणार ना! बाल्कनीत कोणाला दाखवायचं?

आता तुमचा खांब हाताने ढकलून बघा. डुगडुगला तर बाद. आणि ती मागच्या पायांवर उभी राहून पूर्ण ताणली जाईल एवढा, म्हणजे अडीच-तीन फूट उंच हवा. दुकानातले बरेचसे बुटके असतात. त्यापेक्षा सुताराकडून जाड वासा रुंद, जड फळीवर पक्का बसवून घ्या. त्यावर काथ्याचा सुंभ खालून वर, फट न ठेवता, फेविकॉल लावत घट्ट गुंडाळा. खिळे मारू नका, पंजात घुसतात. हा खांब सोफ्याच्या त्या उजव्या हाताला अगदी खेटून ठेवा आणि हातावर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावा. पंजाला चिकचिक मांजरांना आवडत नाही. तिचे पंजे धरून खांबावर घासू नका, बिथरेल. वरून दोरी लोंबकळवून खेळवा, आणि तिने नख लावलं की त्याच क्षणी उकडलेल्या चिकनचा तुकडा द्या. ओरडलात तर ती फक्त तुमची पाठ वळायची वाट बघेल.

दर दोन-तीन आठवड्यांनी, ती पेंगुळलेली असताना, नखाचं पांढरं टोक तेवढं कापा. आतला गुलाबी भाग जिवंत असतो, तिथे कापलं तर रक्त येतं.

सुंभ झिजून धागे लोंबायला लागले म्हणून लगेच बदलू नका, तिला तोच आवडतो. आणि सोफ्याला नवं कापड लावाल तेव्हा जाड विणीचं नको, मखमलीसारखं गुळगुळीत घ्या. त्यात नख सहसा अडकत नाही.