क्लेम कराच, पण आधी बारा लाखांचं बघा

पिंपरीच्या एका वाचकाचं पत्र आहे. नाशिक फाट्याच्या सिग्नलला उभ्या गाडीला मागून टेम्पोने ठोकलं. गॅरेजचं एस्टिमेट 68 हजार. टेम्पोवाला 15 हजार रोख देऊन ‘मिटवू’ म्हणतोय. एजंट म्हणतो, क्लेम करू नका, 50 टक्के नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) जाईल. काय करावं?

क्लेम करा. बोनस मिळतो तो फक्त ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या प्रीमियमवर; थर्ड पार्टीच्या, म्हणजे दुसऱ्याला द्यायच्या भरपाईच्या प्रीमियमवर नाही. तुमचा हा प्रीमियम बोनसआधी 12 हजार आहे. बोनस शून्यावर येऊन पुन्हा 50 टक्क्यांपर्यंत चढेपर्यंत पाच वर्षांत फार तर 15 हजार जास्त जातील, वर जीएसटी. बंपरसारख्या प्लॅस्टिकवर निम्मा घसारा कापला जाईल, तरी 50-55 हजार हातात पडतील. चूक टेम्पोवाल्याची असली तरी तुमच्या पॉलिसीवर क्लेम केला की बोनस जातोच. हे अन्यायाचं आहे, पण आहे. दुरुस्तीआधी विमा कंपनीच्या सर्व्हेयरला गाडी दाखवा. रोख घेऊन तडजोडीच्या कागदावर सही केलीत, तर कंपनी क्लेमच अडवू शकते.

पत्नीचं मनगट फ्रॅक्चर झालंय, हे तुम्ही कंसात लिहिलंय! त्याची भरपाई टेम्पोच्या थर्ड पार्टी विम्यातून, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडून मागायची असते. त्यासाठी पोलिसांत नोंद हवी, टेम्पोचा पॉलिसी नंबर हवा. कायद्यात मुदत सहा महिन्यांची आहे.

आता पत्रातलं शेवटचं वाक्य: ‘सुदैवाने मला काही झालं नाही, आणि झालं असतं तरी एजंटने 12 लाखांची पॉलिसी करून दिलीच आहे.’

वय 41, कमावते एकटे, दोन मुलं, गृहकर्ज 34 लाख, घरखर्च महिना 45 हजार. कर्ज बाजूला ठेवलं तरी 12 लाख दोन-सव्वादोन वर्षांत संपतात. कर्ज धरलं तर बँकेचेच 22 लाख उरतात. आणि याला वर्षाला 72 हजार! 20 वर्षांत 14.4 लाख भरून 25 लाख मिळतील, ‘जवळपास दुप्पट’, असं तुम्हाला सांगितलंय. हिशेब केला तर हा परतावा पाच टक्के आहे. पीपीएफ आज 7.1 देतं. असल्या पॉलिसीला विमा म्हणायचं की बचत, विकणाऱ्यालाही सांगता येणार नाही. कमिशन मात्र त्याला नीट सांगता येतं.

तुम्हाला दीड कोटीचा साधा टर्म प्लॅन, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा हवा. सिगारेट-तंबाखू नसेल तर वर्षाला पंचवीस-तीस हजारांच्या आसपास बसेल. तो हातात आल्याशिवाय जुन्या पॉलिसीला हात लावू नका. मग कंपनीकडून सरेंडर व्हॅल्यू (पॉलिसी आज मोडली तर मिळणारे पैसे) आणि पेड-अप रक्कम (हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली तर पुढे मिळणारी कमी झालेली रक्कम) लेखी मागवा. सहा वर्षांत भरलेले 4.3 लाख पूर्ण परत येतील ही आशा सोडा. माझा कल पेड-अपकडे आहे, आकडे आले की पाठवा.

टर्मच्या अर्जात ‘विवाहित महिला मालमत्ता कायदा, 1874’खाली पॉलिसी हवी का, असा प्रश्न येतो. तिथे ‘हो’ लिहा आणि पत्नी-मुलांची नावं घाला, म्हणजे कर्ज देणारी बँक त्या पैशांवर हक्क सांगू शकणार नाही. हे पॉलिसी घेतानाच करावं लागतं, नंतर जोडता येत नाही.